बायसेक्शुअल म्हणजे ‘उभयलिंगी’ का नव्हे

नेरूळहून एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची २४ वर्षांची मुलगी ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीत नोकरी करते. दिवाळीनंतरच्या एका रविवारी तिने आईला सांगितले की ती बायसेक्शुअल आहे. आईने मोबाइलवर अर्थ शोधला, तेव्हा ‘उभयलिंगी’ असा शब्द मिळाला. तो वाचून मुलीच्या वडिलांनी एका सोनोग्राफी केंद्रात शनिवारची वेळ घेतली आणि ओळखीच्या एका माणसाकडून हार्मोनच्या तपासण्यांची यादीही आणली. मुलगी जायला तयार नाही. आईने लिहिले आहे : ‘आमची मुलगी अशी निघाली, यात आमचे काय चुकले? या शब्दाचा नेमका अर्थ काय? आणि मुलगाही आवडू शकतो असे ती स्वतःच म्हणते, तर मग स्थळे पाहायला काय हरकत आहे?’

ताई, अर्थाकडे वळण्यापूर्वी शनिवारविषयी लिहिते, कारण शनिवार तोंडावर आला आहे. ती वेळ रद्द करावी. बायसेक्शुअल असणे सोनोग्राफीत दिसत नाही, रक्तात सापडत नाही आणि गुणसूत्रांच्या तपासणीतही उमटत नाही, कारण तो शब्द तुमच्या मुलीच्या शरीराच्या घडणीविषयी काही सांगतच नाही. तिला पाळीची किंवा अन्य काही तक्रार असेल, तर तिच्या इच्छेने स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. परंतु ती सज्ञान आहे, आणि तिच्या मनाविरुद्ध तिला तपासणीच्या खाटेवर झोपवण्याचा अधिकार आईवडिलांना नाही. तुमच्या घरात आज जो ताण आहे त्यातला बराचसा एका भाषांतराने आणला आहे, म्हणून त्या भाषांतराविषयीच मी जरा विस्ताराने लिहिणार आहे.

मी गेली एकवीस वर्षे ठाण्यात, नौपाड्यात, समुपदेशक मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. सात-आठ वर्षांपूर्वी एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले होते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून सांगते. त्यांनी टेबलावर पारदर्शक कप्प्यांची एक निळी फाइल ठेवली. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन, एफएसएच, एलएच आणि शेवटी ओटीपोटाची सोनोग्राफी असे सगळे कागद तिच्यात ओळीने लावलेले होते, आणि वाण्याच्या यादीवर सामान पडताळून पाहावे तशी प्रत्येक आकड्यापुढे त्यांनी पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती. पहिल्या कप्प्यात वर्तमानपत्राचे एक कात्रण होते आणि त्यातल्या ‘उभयलिंगी’ या शब्दाखाली लाल रेघ होती. ‘मॅडम, सगळं नॉर्मल आहे, मग ही असं का म्हणते?’ असे त्यांनी विचारले. मुलगी माझ्या खिडकीतल्या मनीप्लांटकडे पाहत बसली होती. नंतर एकटी असताना तिने सांगितले की सोनोग्राफीसाठी तिला चार ग्लास पाणी पाजून दीड तास बाकावर बसवले होते, आणि काय त्रास होतो असे आत विचारल्यावर तिला काहीच सांगता आले नव्हते. त्या वडिलांचा मुलीवर राग नव्हता. छापलेला अर्थ खरा धरून ते त्याप्रमाणे तपासण्या करत सुटले होते, आणि त्या अर्थाप्रमाणे पाहिले तर त्यांचे वागणे तर्काला धरूनच होते.

‘उभयलिंगी’ हा मराठीतला चांगला आणि नेमका शब्द आहे, मात्र त्याचे काम दुसरे आहे. दहावीच्या विज्ञानात आपण शिकलो आहोत की ज्या फुलात पुमंग आणि जायांग ही दोन्ही मंडले असतात ते फूल उभयलिंगी, उदाहरणार्थ जास्वंद. आणि ज्यात दोहोंपैकी एकच मंडल असते ते एकलिंगी, उदाहरणार्थ पपई. प्राण्यांमध्ये गांडूळ उभयलिंगी आहे, कारण एकाच गांडुळाच्या शरीरात नर आणि मादी या दोन्हींची प्रजननेंद्रिये असतात. व्याकरणातही ‘तो वेळ’ आणि ‘ती वेळ’, ‘तो बाग’ आणि ‘ती बाग’ असे दोन्हीकडे चालणारे शब्द उभयलिंगी म्हणून दाखवले जातात. या सर्व ठिकाणी अर्थ एकच आहे : दोन लिंगे एकाच ठायी नांदणे. त्यामुळे मराठी माध्यमात शिकलेल्या कोणाही माणसाने ‘उभयलिंगी मुलगी’ असे वाचले, की त्याच्या डोळ्यांपुढे जास्वंदीच्या फुलाचा वहीत काढलेला उभा छेद यावा, हे स्वाभाविक आहे. तुमच्या यजमानांच्या डोळ्यांपुढेही बहुधा तोच आला असावा.

तरी हा सगळा दोष मराठीच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही, कारण गोंधळाचे मूळ इंग्रजी शब्दातच आहे. लॅटिनमधला ‘बाय’ म्हणजे दोन, आणि ‘सेक्सस’ म्हणजे नर-मादी हा भेद. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत हा शब्द आला तो वनस्पती आणि प्राणी यांच्यासाठी, म्हणजे आपल्या जास्वंदीच्याच अर्थाने. पुढे मानसशास्त्रज्ञांनी तो उचलला, तेव्हा त्याला दुसरा अर्थ आला. फ्रॉइडने १९०५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हा शब्द वापरला, तो प्रत्येक माणसाच्या घडणीत पुरुषपण आणि स्त्रीपण या दोहोंचे अंश मुळातच असतात, या अर्थाने. हा विचार त्याने आपला मित्र विल्हेल्म फ्लीस याच्याकडून घेतला होता. आज तुमची मुलगी ज्या अर्थाने बोलते, म्हणजे पुरुषांविषयी आणि स्त्रियांविषयीही आकर्षण वाटू शकणारी व्यक्ती, तो अर्थ विसाव्या शतकात हळूहळू पक्का झाला आणि आता बोलण्यात तोच उरला आहे. पण वनस्पतिशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकात जास्वंदीचे फूल आजही ‘बायसेक्शुअल’च आहे. एका शब्दाला असे तीन थर आहेत, आणि आपल्या भाषांतरकारांनी सर्वांत खालचा थर उचलून वरच्या अर्थाला चिकटवला.

याची सर्वांत बोलकी साक्ष आल्फ्रेड किन्से या अमेरिकी संशोधकाची आहे. तो मूळचा प्राणिशास्त्रज्ञ होता. झाडांवर गाठी निर्माण करणाऱ्या गांधीलमाश्यांचा अभ्यास त्याने वर्षानुवर्षे केला होता. १९४८ साली पुरुषांच्या आणि १९५३ साली स्त्रियांच्या लैंगिक वर्तनाविषयी त्याचे मोठे अहवाल प्रसिद्ध झाले. माणसांना ‘हा इकडचा’ आणि ‘तो तिकडचा’ अशा दोन खणांत टाकण्याऐवजी त्याने शून्य ते सहा अशी मोजपट्टी मांडली : शून्य म्हणजे केवळ भिन्नलिंगी व्यक्तींकडे ओढा, सहा म्हणजे केवळ समलिंगी व्यक्तींकडे, आणि मधल्या पाच आकड्यांवर बाकीचे. मधल्या या माणसांना ‘बायसेक्शुअल’ म्हणणे मात्र त्याला पसंत नव्हते. जीवशास्त्रात त्या शब्दाचा अर्थ एका शरीरात दोन्ही लिंगे असा होतो आणि या माणसांच्या शरीरात तसे काहीही नसते, ही त्याची हरकत होती. म्हणजे पाऊणशे वर्षांपूर्वी एका प्राणिशास्त्रज्ञाला जी भीती वाटली, तीच परवा नेरूळमध्ये सोनोग्राफीची वेळ घेऊन खरी ठरली.

आता मराठीत हे नीट कसे म्हणावे, याकडे येते. आपल्याकडे ‘लिंग’ या एकाच शब्दावर फार ओझे टाकलेले आहे. व्याकरणातले लिंग, शरीराचा अवयव, जन्माच्या दाखल्यावरचा स्त्री-पुरुष हा रकाना आणि देवळातली पिंड, हे सगळे त्यात येते. ‘लैंगिक’ हे विशेषण मात्र आपण बहुतेक वेळा कामजीवनाशी निगडित गोष्टींसाठी राखून ठेवले आहे. ‘लैंगिक शिक्षण’ म्हटल्यावर ते व्याकरणाविषयी असेल अशी शंका कोणालाही येत नाही. याच भेदाचा उपयोग करून ‘उभयलैंगिक’ असे म्हटले, तर अर्थ शरीराकडून आकर्षणाकडे सरकतो. काहीजण ‘द्विलैंगिक’ असेही लिहितात, आणि तेही चालण्यासारखे आहे. माझे मत विचाराल, तर बोलताना सरळ ‘बायसेक्शुअल’ म्हणावे आणि लिहिताना ‘उभयलैंगिक’ लिहावे. एका मात्रेचा आणि एका अक्षराचा हा फरक पंडिती वाटेल, पण तो न पाळल्याने काय होते ते मी त्या निळ्या फाइलीत पाहिलेले आहे.

यासोबत आणखी दोन शब्द स्पष्ट करणे भाग आहे, कारण ‘उभयलिंगी’ या खणात लोक त्यांनाही कोंबतात. ज्या व्यक्तींची गुणसूत्रे, जननग्रंथी किंवा जननेंद्रिये जन्मतःच स्त्री वा पुरुष यांच्या नेहमीच्या ठेवणीत बसत नाहीत, त्यांना आंतरलिंगी म्हणतात. हा शरीराचा भाग झाला. जन्मतः नोंदवलेल्या लिंगापेक्षा ज्यांची स्वतःविषयीची जाणीव वेगळी असते, त्यांना ट्रान्सजेंडर किंवा पारलिंगी म्हणतात; हा ‘मी कोण’ या ओळखीचा भाग झाला. तुमची मुलगी बोलते आहे ती ‘मला कोण आवडते’ याविषयी. या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या आहेत, आणि एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. ती मुलगी आहे, स्वतःला मुलगीच मानते, आणि तिने त्याबद्दल काही वेगळे सांगितल्याचे तुम्ही लिहिलेले नाही.

अर्थ स्पष्ट करताना अमेरिकेतल्या रॉबिन ऑक्स या कार्यकर्त्या लेखिकेने केलेली व्याख्या मला सर्वांत उपयोगी पडते. तिचा आशय असा : एकाहून अधिक लिंगभावांच्या (स्त्री, पुरुष किंवा आणखी वेगळी ओळख असलेल्या) व्यक्तींविषयी प्रेमाचे किंवा शारीरिक आकर्षण वाटण्याची क्षमता आपल्यात आहे हे ओळखणे, मात्र ते आकर्षण एकाच वेळी, एकाच प्रकारचे किंवा सारख्याच प्रमाणात असेल असे नाही. या व्याख्येतला प्रत्येक तुकडा कोणत्या ना कोणत्या गैरसमजाला उत्तर देतो. ‘क्षमता’ म्हटल्यामुळे प्रत्यक्ष अनुभव असलाच पाहिजे ही अट उरत नाही. कोणाशीही नाते नसलेली मुलगीही बायसेक्शुअल असू शकते, जसे लग्न न ठरलेल्या मुलालाही आपल्याला मुली आवडतात हे ठाऊक असते. ‘एकाच वेळी’ असे नसल्यामुळे दोघांशी एकदम संबंध ठेवण्याचा आरोप निकालात निघतो. ‘सारखे प्रमाण’ नसल्यामुळे तराजू घेऊन बसण्याची गरज राहत नाही. माझ्याकडे येणारी मुले-मुली पुष्कळदा याच कारणाने स्वतःवर संशय घेतात. ‘मला मुलीच जास्त आवडतात, आयुष्यात एकच मुलगा आवडला, मग मी खरी बायसेक्शुअल आहे का?’ असे एखादी विचारते, तेव्हा मी तिला सांगते की या शब्दासाठी पन्नास टक्क्यांची पात्रता लागत नाही.

फ्रिट्झ क्लाइन या मनोविकारतज्ज्ञाने १९७८ साली एक कोष्टक मांडले, तेही अधूनमधून मी वापरते. त्यात आकर्षण, वर्तन, कल्पनाविश्व, भावनिक ओढ, सामाजिक सहवास, जीवनपद्धती आणि स्वतःची ओळख अशा सात गोष्टींसाठी भूतकाळ, वर्तमान आणि मनातला आदर्श असे तीन-तीन रकाने असतात. कोष्टक भरताना लोकांच्या पटकन लक्षात येते की सगळ्या रकान्यांत एकच आकडा येत नाही, आणि न येण्यात काही वावगे नाही. परंतु हे कोष्टक तुम्ही मुलीकडून भरून घेऊ नये. ते माणसाने स्वतःसाठी भरायचे असते.

आता तुमच्या पत्रातल्या एका क्रियापदाकडे लक्ष वेधते. ‘आमची मुलगी अशी निघाली’ असे तुम्ही लिहिले आहे. मराठीत ‘निघणे’ हे क्रियापद कलिंगड फिके निघते, दूध नासके निघते, जावई व्यसनी निघतो अशा ठिकाणी येते. म्हणजे आणले होते एक आणि पदरात पडले दुसरे. काही पालक ‘बायसेक्शुअल झाली’ असे म्हणतात, ते कावीळ झाली म्हणतात त्या चालीवर. आणखी काही जण ‘तिला तो नाद लागला’ असे म्हणतात. तिन्ही क्रियापदे वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचतात : कोणीतरी फसवले, काहीतरी बिघडले, कोणीतरी बिघडवले. म्हणूनच त्यांच्या पाठोपाठ ‘आमचे काय चुकले’ हा प्रश्न आपोआप येतो. मुलीने स्वतः मात्र ‘आहे’ असे म्हटले आहे. तुम्ही तेवढे ‘आहे’ उचलले, तर दुसऱ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तुमचे तुम्हालाच मिळेल. लैंगिक कल कसा घडतो याविषयी शास्त्राकडे एकच सुटसुटीत कारण नाही, परंतु आईवडिलांच्या वागण्याने किंवा लाडाने तो ठरतो याला काही आधार नाही. तुमचे काही चुकलेले नाही, आणि चुकण्याजोगे काही घडलेलेही नाही.

जाता जाता एक गंमत सांगते. तरुण मुले या शब्दाचे ‘बाय’ असे लघुरूप करतात आणि आपल्या भागात ते भलत्याच घरी जाऊन पडते. ठाणे, घणसोली, दिवाळे इथल्या आगरी-कोळी घरांत ‘बाय’ म्हणजे मुलगी, बहीण, मायेने मारलेली हाक. एका आगरी मुलीने मोठे धाडस करून आजीला सांगितले, ‘आजी, मी बाय आहे.’ आजी भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘मंग? बायच ना तू!’ पुढे दोन वर्षांनी मुलीने सगळे नीट समजावून सांगितले, पण तिच्या म्हणण्याप्रमाणे तिला पहिलेच उत्तर अधिक आवडले होते.

तुमचा शेवटचा प्रश्न, स्थळांचा, मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बायसेक्शुअल मुलामुलींची खरी कोंडी तिथेच होते. मुलीला केवळ मुलीच आवडतात हे कळलेले आईबाप रडतात, भांडतात आणि पुष्कळदा कालांतराने वस्तुस्थितीशी जुळवून घेतात, कारण दुसरी वाट दिसत नाही. बायसेक्शुअल मुलीच्या आईबापांना मात्र पहिल्याच दिवशी एक दार किलकिले दिसते : मुलगाही आवडू शकतो ना, मग प्रश्नच मिटला. त्या दारातून तिला आत लोटण्याचे प्रयत्न कितीतरी वर्षे चालू राहतात, आणि मुलीला वाटू लागते की आपण प्रामाणिकपणे अर्धे वाक्य जास्तीचे बोललो ही चूकच झाली. काही मुली मला सांगतात की ‘मी लेस्बियन आहे’ असे खोटे सांगितले असते तर बरे झाले असते.

‘आवडू शकतो’ याचा अर्थ ‘कोणताही चालेल’ असा होत नाही. ज्या मुलींना केवळ पुरुषच आवडतात, त्यांनाही विवाहमंडळातून आलेले सगळेच बायोडेटा आवडत नाहीत. चाळीस स्थळांना नकार देणाऱ्या मुलीला ‘तुला पुरुष आवडतात ना, मग एकेचाळिसावा का नको’ असे आपण विचारत नाही. शिवाय मुलीने हे आत्ता का सांगितले, याचाही विचार करावा. तिच्या आयुष्यात कोणी असेल, असे मी गृहीत धरत नाही. पण असेल आणि ती व्यक्ती मुलगी असेल, तर ‘तुला मुलगाही आवडू शकतो’ या तुमच्या वाक्याचा तिच्या कानी पडणारा अर्थ ‘आहे त्या माणसाला सोड’ एवढाच असतो.

उद्या ती आपल्या मनाने एखाद्या मुलाच्या प्रेमात पडली आणि त्याच्याशी लग्न केले, तर तेही तितकेच खरे असेल. मात्र तेव्हा ‘बरी झाली’ असे कोणी म्हणू नये. घोडबंदर रोडला राहणारी, लग्नाला बारा वर्षे झालेली एक स्त्री माझ्याकडे येत असे. नवऱ्याला सगळे माहीत होते आणि संसार सुखाचा होता. तिची बहीण तिला सतत म्हणे, ‘आता दोन मुलांची आई झालीस, अजून कशाला तो शब्द लावतेस?’ मी त्या बहिणीला एवढेच म्हटले होते की मालवणहून आलेली सून ठाण्याच्या घरात बारा वर्षे प्रमाण मराठी बोलली, म्हणून तिची मालवणी पुसली जात नाही. कोणाबरोबर राहतो यावरून माणसाचा कल बदलत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला तो दिसेनासा होतो, एवढेच. या दिसेनासे होण्याचा त्रास दोन्ही बाजूंनी होतो. घरचे म्हणतात ‘हा वयाचा खेळ आहे’, आणि समलैंगिक मित्रमंडळीतही कोणी कोणी म्हणतात की ‘वेळ आली की ही नवरा करून मोकळी होईल’. वयाच्या खेळाविषयी सांगायचे, तर माझ्याकडे पन्नाशी उलटलेले बायसेक्शुअल पुरुषही येऊन गेले आहेत, आणि त्यांचा खेळ अजून संपलेला नव्हता.

तिच्या लॅपटॉपवर गुलाबी, जांभळ्या आणि निळ्या पट्ट्यांचा स्टिकर असला, तर तो कंपनीचा आहे असे समजू नका. तो बायसेक्शुअल लोकांचा ध्वज आहे. मायकेल पेज या अमेरिकी कार्यकर्त्याने १९९८ साली तो तयार केला, आणि दोन रंग एकमेकांत मिसळून होणारी मधली जांभळी पट्टी त्यात सर्वांत अरुंद असते. ‘पॅनसेक्शुअल’ हा शब्द तिच्या तोंडी आला, तर त्यातला ‘पॅन’ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ ‘सर्व’. आकर्षणात समोरच्याचे लिंग ही महत्त्वाची बाब नाही, यावर त्या शब्दाचा भर आहे. ‘क्वीअर’ ही या सगळ्यांना कवेत घेणारी छत्री आहे. एकच व्यक्ती यांतले दोन शब्द वापरत असेल, तर त्यात विसंगती शोधू नये.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : ‘हे म्हणतात, आता ठाण्याला न्यावे लागणार की काय.’ ही ओळ वाचून मला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. १९०१ सालापासून आमच्या गावात मनोरुग्णालय आहे, त्यामुळे ‘ठाण्याला नेणे’ याचा अर्थ साऱ्या मुंबई परिसराला पाठ आहे, आणि नेमका माझा व्यवसायही ठाण्यातच आहे. म्हणून स्पष्ट लिहिते : हा आजार नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९७३ साली काढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातून ती १९९० साली वगळली गेली. मात्र त्या वर्गीकरणात ‘आपल्या कलाविषयी अस्वस्थता’ असे काही निदान उरले होते आणि त्याच्या उपप्रकारांत बायसेक्शुअल हा शब्दही होता. २०२२ सालापासून लागू झालेल्या नव्या आवृत्तीत तेही काढून टाकण्यात आले आहे. आपल्याकडे नवतेज सिंग जोहर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ मधला सज्ञान व्यक्तींच्या परस्पर संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला. समलिंगी विवाहाला मात्र कायद्याची मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने ती देण्यास नकार दिला. आणि कोणी तुम्हाला औषधांनी, संमोहनाने किंवा शिबिराने मुलीचा कल ‘सरळ’ करून देतो असे सांगितले, तर हे लक्षात असू द्या की २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असले उपचार हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरते, असे राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले आहे.

याच संदर्भातली एक गोष्ट भाषेच्या दृष्टीने मला फार मोलाची वाटते. मद्रास उच्च न्यायालयात २०२१ साली घरच्यांचा विरोध असलेल्या दोन तरुणींचे प्रकरण न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांच्यासमोर आले. त्यांनी निकाल देण्याआधी स्वतः मानसशास्त्रज्ञांबरोबर बसून हा विषय समजून घेतला. त्याच प्रकरणातून पुढे २०२२ साली तमिळनाडू सरकारने या विषयातल्या सन्मानजनक तमिळ शब्दांची यादी राजपत्रात प्रसिद्ध केली. मराठीला हा विषय परका आहे असे कोणी म्हणू नये, कारण र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि १९५३ साली त्यांचे निधन होईपर्यंत चालवले. कामजीवनाविषयी न लाजता, सोप्या वाक्यांत लिहिण्याची सवय आपल्या भाषेला होती. ती मध्येच कुठेतरी सुटली, आणि ज्यांनी हे शब्द नीट घडवायचे ते आपण सारे फुलांच्या धड्यातला शब्द उसना घेऊन मोकळे झालो.

मुलीशी बोलताना कोणता शब्द वापरावा, हे तिलाच विचारणे उत्तम. तिने ‘बायसेक्शुअल’ म्हटले असेल, तर तुम्हीही तेच म्हणा; उच्चार थोडा अडखळला तरी चालेल. ‘तसली’, ‘तो प्रकार’, ‘ते तुझं काय ते’ असे मात्र म्हणू नका, कारण नाव टाळले की मुलांना शिवीच ऐकू येते. मावशी, काका, शेजारी यांना काय सांगायचे हा निर्णय तिचा आहे; तिला न विचारता तुम्ही बहिणीला सांगितले असेल, तर तेवढे तिच्याजवळ कबूल करून टाका. आणि सोनोग्राफीची वेळ आपण रद्द केली आहे, हे तिला शनिवारची वाट न पाहता आज संध्याकाळीच सांगा.

यजमानांना माझ्याशी बोलायचे असेल, तर नेरूळहून ठाण्याला थेट लोकल आहे. पहिल्या भेटीला तुम्ही दोघेच या, मुलीला आणण्याची गरज नाही. तपासण्यांची ती यादीही घरीच राहू द्या.